क्रेमोना व्हाया मिरज

२०११ साली एका व्हायोलिनला लिलावात १ कोटी ५९ लाख डॉलर मिळाले. हो, एका व्हायोलिनला! तेवढ्यात आपल्या अख्ख्या सोसायटीचं होम लोन फिटलं असतं. व्हायोलिनचं नाव 'लेडी ब्लंट', जन्म १७२१चा, मेकर अंतोनिओ स्त्रादिवारी आणि गाव इटलीतलं क्रेमोना. पैसे गेले जपानच्या त्सुनामीग्रस्तांना.

या क्रेमोनाची आणखी एक गोष्ट ऐका. २०१९च्या जानेवारीत तिथल्या जुन्या व्हायोलिनचा एकेक स्वर कायमचा रेकॉर्ड करून ठेवायचं ठरलं. म्युझियमच्या आजूबाजूचे रस्ते वाहनांना बंद झाले. हॉलमधली लिफ्ट आणि एसी बंद. दिव्यांची गुणगुण माइकमध्ये येते म्हणून बल्बसुद्धा काढले. आणि महापौरांनी गावाला सांगितलं, मंडळी, जरा हळू बोला. असं पाच आठवडे! आपल्याकडे पाच मिनिटं हॉर्न बंद ठेवून दाखवा.

व्हायोलिन म्हटलं की क्रेमोना, हे समीकरण गेली साडेचारशे वर्षं चालू आहे. मग आपल्याकडे असं गाव आहे का, जिथे वाद्य घडवणं हाच गावाचा धंदा आणि हीच गावाची ओळख? आहे ना. कोल्हापूरला किंवा गोव्याला जाताना तुम्ही त्या स्टेशनवरून कितीतरी वेळा गेला आहात. बहुतेक झोपेत.

धारवाल्यांची गल्ली

मिरज जंक्शन. आपल्यापैकी बहुतेकांना मिरज दोन गोष्टींसाठी माहीत असतं, रेल्वे आणि दवाखाने. डॉ. विल्यम वान्लेस यांनी १८९४मध्ये इथे हॉस्पिटल काढलं आणि तेव्हापासून सांगली-कोल्हापूरच नाही, तर अर्धं उत्तर कर्नाटक औषधपाण्याला मिरजेत येऊ लागलं. स्टेशनबाहेर आजही डॉक्टरांच्या पाट्या मोजून संपत नाहीत.

पण रिक्षावाल्याला 'सतारमेकर गल्ली' म्हणून सांगा. ख्वाजा शमना मीरा दर्ग्याच्या परिसरात तो सोडेल. इथे आडनावंच सतारमेकर आहेत. पाट्यांवर तेच, व्हिजिटिंग कार्डांवरही तेच. आपल्याकडे कुणाचं आडनाव 'सॉफ्टवेअरमेकर' असतं का? इथे धंदा पिढ्यान्‌पिढ्या इतका घरात मुरला, की मूळ आडनाव मागे पडलं.

मूळ आडनाव शिकलगार. शिकलगार म्हणजे तलवारी, भाले, कट्यारी यांना धार लावणारे लोक. पटवर्धन संस्थानाच्या मिरजेत त्यांना बरकत होती. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांचा अंमल पक्का झाला, लढाया थांबल्या आणि तलवारी भिंतीवर टांगल्या गेल्या. धारवाल्यांनी करायचं काय? त्या काळात संस्थानात गवई येत-जात असत, त्यांची वाद्यं प्रवासात मोडत. ती दुरुस्त करायला हातात कसब असलेली माणसं हवी होती. फरीदसाहेब शिकलगार यांनी त्या शतकाच्या मध्याच्या सुमाराला हे काम हातात घेतलं, असं इथे सांगतात. आधी दुरुस्ती, मग नवी सतार, मग तंबोरा. शस्त्रं घासणाऱ्या बोटांनी लाकूड घासायला घेतलं.

आजच्या भाषेत याला 'करिअर स्विच' म्हणतात आणि त्यावर लोक मोठमोठे सेमिनार घेतात. शिकलगारांनी सेमिनार घेतला नाही. त्यांनी आपलं कौशल्य नेमकं काय आहे ते ओळखलं. तलवार हे त्यांचं गिऱ्हाईक होतं. कौशल्य होतं ते कानस चालवताना कुठे थांबायचं हे कळण्यात.

भोपळ्याचं नशीब

आता कारखान्यात चला. कारखाना म्हटलं तरी तो घराचा पुढचा भागच. दारात, माळ्यावर, जिन्याखाली, जिकडे बघाल तिकडे भोपळे. सांबारातले नव्हेत. हा कडू भोपळा, तोंडाला लावता येणार नाही असा. हे भोपळे येतात सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपूर-मंगळवेढ्याच्या पट्ट्यातून, भीमेच्या काठावरच्या शेतांतून. वेलावर असताना त्याला नीट बसतं करून वाढवावं लागतं, नाहीतर एका अंगाला चपटा होतो. मग तो महिनोन्‌महिने वाळवायचा. कवच टणक झालं, वाजवल्यावर खणखणीत बोललं, की तो कामाचा.

इथेच पहिली अडचण. त्याच पट्ट्यात ऊस आहे, डाळिंब आहे. अवकाळी पाऊस एका रात्रीत भोपळ्याला डाग पाडतो. इतकी जोखीम घेऊन, कुणी खाणार नाही असं फळ शेतकऱ्याने का लावायचं? क्रेमोनाचंही दुखणं थोडं असंच आहे. तिथल्या व्हायोलिनची वरची पाटी स्प्रूसच्या लाकडाची असते आणि ते लाकूड आल्प्समधल्या फिएम्मे खोऱ्याच्या जंगलातून येत आलं आहे. २०१८च्या ऑक्टोबरमध्ये 'वाया' नावाच्या वादळाने उत्तर इटलीत लाखो झाडं आडवी केली, त्यात हे जंगलही सापडलं. वाद्याची सुरुवात कारखान्यात होत नाही, ती कुणाच्या तरी शेतात किंवा रानात होते.

बाकीचं लाकूड तूण नावाच्या झाडाचं, कर्नाटकाकडच्या जंगलपट्ट्यातलं. वजनाला हलकं, आवाजाला मोकळं. वाळलेला भोपळा हव्या त्या मापाला कापतात, आतल्या बिया आणि गर काढून तो साफ करतात, भिजवून आत काठ्या अडकवून तोंडाचा आकार धरून ठेवतात. त्यावर लाकडाचा गळा बसतो, त्याला गुलू म्हणायचं. गुलूला पोकळ दांडी जोडायची. भोपळ्याच्या तोंडावर लाकडाची पातळ पाटी बसते, ती तबली. तबली जाड राहिली तर आवाज आतच कोंडतो, फार पातळ झाली तर तारांच्या ताणाने खाली बसते. जाडी मोजायला कुणी मायक्रोमीटर घेऊन बसलेलं दिसत नाही. कारागीर बोटाने टकटक करतो, ऐकतो, पुन्हा रंधा मारतो.

मग नक्षी. पूर्वी हस्तिदंत असायचं, आता सेल्युलॉइड. पातळ पट्ट्या कापून, चिकटवून, त्यावर कोरून पानं-फुलं काढायची आणि कोरलेल्या रेघांत रंग भरायचा. मग पॉलिश, हात फिरवत फिरवत, थरावर थर. मग खुंट्या, मणी, आणि सगळ्यात शेवटी घोडी. पूर्वी घोडी सांबरशिंगाची असे. वन्यजीव कायद्याने ते बंद झालं आणि योग्यच झालं. आता हाड, शिसवीसारखं लाकूड किंवा कृत्रिम मटेरियल वापरतात.

क्रेमोनाच्या व्हायोलिनमध्ये सत्तरहून अधिक लाकडी तुकडे असतात, सगळे हाताने घडवलेले. तिथला एक मेकर वर्षाला फार तर तीन ते सहा वाद्यं पूर्ण करतो. तंबोऱ्यात तुकडे कमी, पण इथे लाकडाबरोबर भोपळाही सांभाळायचा असतो, आणि निसर्गाने एकासारखा एक भोपळा बनवलेला नाही. त्यामुळे जुळी म्हणून घडवलेली तंबोऱ्याची जोडीसुद्धा कारागिराला वेगवेगळी ओळखू येते.

घोडीवरचा एक केस

आता मुख्य गोष्ट. तंबोरा दिसायला पूर्ण झाला तरी तो अजून तंबोरा झालेला नसतो. तारा चढवल्या, छेडल्या, तर आवाज येतो 'टण्ण'. कोरडा, बेअब्रू करणारा. त्याचा तंबोरा होतो तो जवारीने.

घोडीचा वरचा भाग सपाट दिसतो, पण त्याला अगदी किंचित उतार दिलेला असतो. कंपणारी तार त्या उतारावर घासत, सुटत, पुन्हा टेकत जाते. त्यातून मूळ स्वराबरोबर उपस्वरांचा एक झुबका फुलतो. तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवून तो नेमका ठिकाणावर आणायचा. जवारी उत्तम उघडली, की खर्जाच्या तारेतून कुणी न छेडलेला गंधार आपोआप ऐकू येतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. पहिल्यांदा ऐकताना अंगावर काटा येतो. अजून वाटत नसेल, तर चांगल्या हेडफोनवर डोळे मिटून ऐका.

सर सी. व्ही. रामन यांनाही याचं कुतूहल वाटलं होतं. १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलं. तार ज्या बिंदूवर छेडली तिथे ज्या उपस्वराचा स्थिर बिंदू येतो, तो उपस्वर ऐकू येऊ नये, असा युरोपातल्या शास्त्राचा नियम होता. तंबोरा आणि वीणेत तो चक्क ऐकू येतो आणि त्याचं कारण घोडीच्या त्या वळणात आहे, हे त्यांनी दाखवलं. म्हणजे हा नियम गल्लीतल्या कानसेने आधीच वाकवून ठेवला होता.

ही कानस किती चालवायची? याचं उत्तर कुठल्याच मॅन्युअलमध्ये नाही. एक हात जास्त पडला तर घोडी बाद. कमी पडला तर तार मुकी. शिवाय एका गवयाला खुली, झणझणीत जवारी लागते, दुसऱ्याला गोळीबंद. पट्टी बदलली की हिशेब बदलतो. म्हणून गवई समोर बसतो, तार छेडतो, 'अंहं' म्हणतो आणि कारागीर पुन्हा कानस उचलतो. क्लायंट मीटिंगच की ही. फक्त इथे प्रेझेंटेशन नसतं.

अब्दुल करीम खाँसाहेबांचं नाव इथे घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. किराणा घराण्याचे हे थोर गायक मिरजेत स्थायिक झाले होते. सुरेलपणासाठी ते जगले, असं म्हणतात, आणि वाद्यं स्वतःच्या हाताने दुरुस्त करण्याचीही त्यांना जाण होती. ज्याचं सगळं गाणं एका षड्जावर उभं, तो माणूस तंबोऱ्याच्या बाबतीत 'चालेल हो' म्हणणारा नव्हता. असं गिऱ्हाईक गल्लीच्या शेजारी राहायला आलं म्हणजे कारागिराला दुसरं विद्यापीठ कशाला हवं? २७ ऑक्टोबर १९३७ला मद्रासजवळच्या एका स्टेशनावर खाँसाहेब गेले. त्यांची कबर मिरजेत, त्याच दर्ग्याच्या आवारात आहे. दर वर्षी उरुसात तिथे संगीतसभा होते. देशभरातले कलावंत येतात, रात्रभर हजेरी लावतात आणि जाताना गल्लीतून एक चक्कर मारतात. जवारी काढून घ्यायची असते ना!

अप्रेझल कोण करतं?

या धंद्यातलं करिअर कसं असतं, हे तुम्हाला-मला कळायला हवं, कारण ते आपल्या करिअरच्या अगदी उलटं आहे. घरातला मुलगा आधी भोपळे साफ करतो. मग घासकाम. मग दांडी, गुलू, जोडकाम. मग नक्षी, पॉलिश. सतार असेल तर पडदे बांधणं. एकेका पायरीवर वर्षं जातात. जवारी शेवटी. पन्नाशीतला माणूससुद्धा वडिलांच्या कानाला विचारून मग घोडी पक्की करतो. डेसिग्नेशन बदलत नाही, केबिन मिळत नाही. पाठ वाकते, लाकडाचा भुसा छातीत जातो, आणि गिऱ्हाईक वाद्य घेऊन गेल्यावर नाव होतं ते वाजवणाऱ्याचं.

मग पुढची पिढी काय म्हणते? तुम्ही-आम्ही म्हटलं तेच. डिप्लोमा करू, पुण्याला जाऊ, महिन्याच्या एक तारखेला पगार येईल असं काही तरी बघू. त्यांना नावं ठेवायला आपण कोण? आपल्यातल्या किती जणांनी आजोबांचा धंदा पुढे चालवला?

त्यात भर यंत्राची. १९७९मध्ये बंगळुरूच्या जी. राजनारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तानपुरा बाजारात आणला. आता तर तो फोनमध्ये, फुकट. क्लासला जाणाऱ्या मुलीला विमानात, लोकलमध्ये, हॉस्टेलच्या खोलीत सूर मिळतो, ही काही वाईट गोष्ट नाही. पण पूर्वी शिकाऊ गायकही एक साधा तंबोरा विकत घ्यायचा. त्या साध्या तंबोऱ्यांवर गल्लीतली शिकाऊ मुलं हात बसवायची. ॲपने मोठ्या गवयाचा तंबोरा हिरावला नाही. त्याने शिकाऊ कारागिराची पाटी पुसली. फटका तिथे बसला.

२०२४च्या मार्च अखेरीला मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं. दोन्हींना वेगवेगळं. आता दुसरीकडे कुठे तरी बनवलेलं वाद्य 'मिरजेचं' म्हणून विकता येणार नाही. गल्लीत आनंद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. पण जीआय नावाला कुंपण घालतं, कानाला नाही. कान तयार करायला एक मुलगा दहा वर्षं त्या पाटावर बसायला लागतो, आणि तो बसावा म्हणून त्या दहा वर्षांत त्याचं घर चालायला लागतं.

इथे क्रेमोना पुन्हा आठवतं. आपल्याला वाटतं, तिकडे सगळं अखंड चालू राहिलं असेल. नाही. १७३७ला स्त्रादिवारी गेला, १७४४ला ग्वार्नेरी देल जेसू गेला आणि काही दशकांत क्रेमोनाची घराणी विझली. त्यांच्या व्हर्निशमध्ये नेमकं काय होतं, याचा शोध आज रसायनशास्त्रज्ञ प्रयोगशाळेत घेत बसलेत, कारण सांगणारं कुणी उरलं नाही. दोनशे वर्षांनी, १९३७ला, गावाने स्त्रादिवारीच्या स्मृतीसाठी मोठं प्रदर्शन भरवलं आणि १९३८ला व्हायोलिन घडवण्याची शाळा काढली. आज तिथे जगभरची मुलं शिकायला येतात, गावात शंभराहून जास्त वर्कशॉप आहेत, २०१२ला युनेस्कोने या कारागिरीला वारसा म्हणून मान दिला. तुटलेलं पुन्हा उभं राहू शकतं, हे क्रेमोनाने दाखवलं. पण मधल्या काळात जे गेलं ते गेलंच.

आणखी एक मजा. २०१२मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. २१ कसलेल्या वादकांना अंधूक उजेडात, डोळ्यांना गॉगल लावून जुनी इटालियन आणि नवी व्हायोलिन वाजवायला दिली. बहुतेकांना कुठलं जुनं ते ओळखता आलं नाही, आणि पसंतीत एक नवं व्हायोलिन पुढे गेलं. लिलावात बोली लावणाऱ्यांना हे ऐकवू नका. पण आज जिवंत असलेल्या प्रत्येक कारागिरासाठी ही बातमी भारी आहे. जादू फक्त मेलेल्यांच्या हातात नव्हती.

जिथे दुकानच नाही

मिरजेहून कोल्हापूर-गोंदिया महाराष्ट्र एक्सप्रेस पकडा. ही गाडी अख्खं राज्य उभं-आडवं दाखवत विदर्भात शिरते. धामणगावला उतरून तासाभरात यवतमाळ. यवतमाळ म्हटलं की आपल्या डोक्यात दोनच बातम्या, कापूस आणि शेतकऱ्यांच्या आत्महत्या. अलीकडे तिसरी, टिपेश्वरचे वाघ. वीकएण्डला सफारीसाठी पांढरकवड्याला जाणारी मंडळी तुमच्याही ऑफिसात असतील. त्यांना सांगा, वाघ बघून झाला की त्याच पट्ट्यातल्या एका वाद्याबद्दल विचारा.

केळापूर, वणी, झरी-जामणी, थेट पैनगंगेपलीकडे आदिलाबादपर्यंत हा गोंड, कोलाम, परधानांचा मुलूख. परधान हे गोंडांचे कथेकरी, आणि त्यांच्या हातात असतं व्हायोलिनचं लांबचं भावंड, किंगरी. कुणी किकरी म्हणतं. लाकूड कोरून केलेलं पोट, त्यावर ताणलेलं कातडं, तीन तारा आणि वाजवायला गज. डवरी गोसाव्यांचीही एक किंगरी आहे, सरकारी यादीत तर 'किंगरीवाले' अशी जातच नोंदवली आहे, पण परधानांची परंपरा निराळी. प्रत्येक परधान घर ठरावीक गोंड यजमान घरांशी बांधलेलं. कुळाच्या देवाच्या, म्हणजे पेनाच्या पूजेला परधानाने किंगरीवर त्या कुळाची कथा गायची. त्याच्याशिवाय विधी पूर्ण होत नाही. बदल्यात धान्य, कपडा, गुरंढोरं. १९४०च्या दशकात आदिलाबादच्या गोंडांमध्ये राहून अभ्यास करणाऱ्या फ्यूरर-हायमेनडॉर्फ या मानववंशशास्त्रज्ञाने एक गमतीची गोष्ट नोंदवली आहे. या परधानांची घरची भाषा मराठी, पण कथा गायची ती गोंडीत. म्हणजे दुसऱ्यांचा सगळा इतिहास यांच्या गळ्यात आणि गजात.

गोंडांची एक कथा सांगतात. कचारगडच्या गुहेत मुलं कोंडली गेली होती, तोंडावर प्रचंड शिळा. हिरासुका पाटालीर बाहेर बसून किंगरी वाजवू लागला. ते सूर ऐकून आतल्या मुलांच्या अंगात बळ आलं, त्यांनी शिळा ढकलली आणि ती सुटली. पण घरंगळताना हिरासुकाच तिच्याखाली सापडला. स्त्रादिवारीच्या व्हायोलिनलाही असली स्टोरी नाही!

पण या किंगरीचं दुकान शोधाल तर सापडणार नाही. सतारमेकर गल्लीसारखी गल्ली नाही, आडनाव नाही, जीआय नाही. ती घरातच घडत आली. वाजवणारा आणि घडवणारा एकच, किंवा एकाच घरातले. त्यामुळे वाजवणं थांबलं की घडवणंही त्याच दिवशी थांबतं. मध्ये गोडाऊन नाही, की दहा वर्षांनी कुणी काढून बघेल. यजमानाची जमीन कमी झाली, देणं आटलं, परधानांची मुलं शाळा-कॉलेजात गेली, नोकरीला लागली. शिकलेल्या मुलाला कुणाच्या दारात दानासाठी उभं राहणं नको वाटलं, तर 'परंपरा जप' असं त्याला कुठल्या तोंडाने सांगायचं?

मध्य प्रदेशातल्या मंडला-दिंडोरीकडच्या परधानांनी वेगळी वाट काढली. १९८०च्या सुमाराला पाटनगढच्या जनगढसिंह श्याम या तरुणाच्या भिंतीवरच्या चित्रांकडे चित्रकार जे. स्वामीनाथन यांच्या माणसांचं लक्ष गेलं, त्याला भोपाळच्या भारत भवनात आणलं. वाद्यावर गायच्या त्याच कथा तो कागदावर रंगवू लागला. आज 'गोंड पेंटिंग' म्हणून जे तुमच्या कॅफेच्या भिंतीवर दिसतं, त्याचा उगम तिथे आहे. शिकलगारांनी तलवार ठेवून सतार उचलली, तसंच हे. पण चित्र भिंतीवर गेलं तेव्हा त्याबरोबर वाद्य गेलं नाही. ते कोपऱ्यातच राहिलं.

तर काय करायचं?

क्रेमोना, मिरज, यवतमाळ. एका ठिकाणी शाळा आणि म्युझियम, दुसऱ्या ठिकाणी गल्ली आणि घराणी, तिसऱ्या ठिकाणी फक्त एक माणूस आणि त्याचा यजमान. तिन्हीकडे वाद्य तोवर जगलं, जोवर ऐकणारा घडवणाऱ्यासमोर येऊन बसत होता. खाँसाहेब गल्लीत बसत. गोंड यजमान रात्रभर परधानासमोर बसे. क्रेमोनाने पाच आठवडे गप्प राहून तेच केलं.

आपण 'सेव्ह अमुक', 'सेव्ह तमुक' फॉरवर्ड करतो आणि पुढे सरकतो. कारागिराला फॉरवर्डचा उपयोग नाही. त्याला काम हवं. घरात आजीचा तंबोरा कपाटावर उताणा पडला असेल, तर तो मिरजेला न्या, जवारी काढून घ्या. क्लासला जात असाल तर पहिल्या अप्रेझलनंतर नवा फोन घेण्याऐवजी एक साधा तंबोरा घ्या. कुणा तरी शिकाऊ पोराचा हात त्यावर बसेल. पांढरकवड्याला गेलात तर रिसॉर्टवाल्याला विचारा, इथे किंगरी वाजवणारं कुणी आहे का. असेल, तर त्याला पाच मिनिटांचा 'आयटम' म्हणून कॅम्पफायरला बोलावू नका. त्याच्या सवडीने, त्याच्या गावी जा, पूर्ण कथा ऐका आणि मानधन विचारून, सन्मानाने द्या.

जायचंय?

मिरज : मुंबई-पुण्याहून कोल्हापूरच्या रात्रीच्या गाड्या पहाटे मिरजेत सोडतात. गल्लीत दुपारी जेवणाच्या वेळेला जाऊ नका. कारागीर हातात कानस घेऊन बसला असेल तेव्हा मध्येच बोलू नका, तो ऐकत असतो. उरुसाच्या संगीतसभेची तारीख दर वर्षी बदलते, आधी चौकशी करा. येताना सांगलीचं भडंग, आणि वेळ असेल तर नृसिंहवाडीची बासुंदी चुकवू नका.

यवतमाळ : रेल्वेने धामणगाव, पुढे एसटी किंवा टॅक्सी. पांढरकवडा नागपूर-हैदराबाद हायवेवर आहे, त्यामुळे नागपूरहूनही सोपं. सकाळी तर्री पोहे खा आणि पाण्याची बाटली जवळ ठेवा, उन्हाळ्यात इथलं ऊन चेष्टा करत नाही. जंगल बघायचं तर सफारी आधी बुक करा. किंगरी मात्र बुक होत नाही. तिच्यासाठी ओळख काढावी लागते, आणि एक रात्र मोकळी ठेवावी लागते.